दारिद्र्य हे प्रारब्ध नव्हे

गुरुपौर्णिमेनिमित्त राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे पुण्यस्मरण

आषाढ शुद्ध पौर्णिमा हा गुरुपूजनाचा दिवस. व्यासमहर्षींचे स्मरण करून, आपापल्या गुरुपरंपरेपुढे मस्तक नमवून घरोघरी हा सण साजरा होतो. परंतु वऱ्हाडात ही पौर्णिमा येते ती नेमक्या अशा वेळी, की जेव्हा शेतकऱ्याच्या घरातील कणगी रिकामी झालेली असते. पेरणी आटोपलेली असते, बियाण्यास व खतास होता नव्हता तो पैसा गेलेला असतो, आणि पावसाने ओढ दिलीच तर दुबार पेरणीच्या धास्तीने डोळ्यास डोळा लागत नाही. चांदूर बाजारच्या परिसरात, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या कपाशीच्या रानात काय किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या संत्र्याच्या मळ्यांत काय, मालकाची ही चिंता आणि निंदणास जाणाऱ्या मजूर बाईची पोटाची चिंता या दिवसांत एकाच बांधावर उभ्या असतात. अशा घरात गुरुपूजेचे निरांजन लावले जाते, तेव्हा मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. जो गुरू आत्म्याच्या मुक्तीची वाट दाखवितो, त्याला या रिकाम्या कणगीविषयी काही सांगावयाचे आहे काय?

या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर देणारा एक महापुरुष याच अमरावती जिल्ह्याच्या मातीत जन्मास आला. भगवंताच्या भजनाइतकीच गावाच्या भाकरीची काळजी वाहणारे, आणि ती काळजी गावच्या चावडीपासून दिल्लीच्या नियोजनकर्त्यांपर्यंत निर्भयपणे नेणारे ते संत म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

संतांची ही भूमी

वऱ्हाडची भूमी संतांच्या बाबतीत भाग्यवान खरी. चांदूर बाजार तालुक्यातील माधान हे गाव प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांच्या वास्तव्याने पावन झाले. १८८१ साली लोणी टाकळी येथे जन्मलेल्या, नवव्या महिन्यातच चर्मचक्षूंचा प्रकाश गमावलेल्या आणि १९१५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवणाऱ्या या ज्ञानेश्वरकन्येने मधुराद्वैताचे अपूर्व दर्शन घडविले. शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन देव माणसात दाखविला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ आपली अखंड यात्रा संपविली. एकाने ज्ञानाचा दीप लावला, दुसऱ्याने सेवेचा. या दोन दीपांच्या प्रकाशात जो तिसरा दीप उजळला, त्याने त्या सेवेस आणखी एक दिशा दिली. भुकेल्यास अन्न द्यावे हे तर खरेच. पण माणूस भुकेला राहतो ती रीतच बदलली पाहिजे, आणि ती बदलण्याचे काम धर्माचेही आहे, ही ती दिशा होय.

यावलीचा माणिक

अमरावतीपासून फार दूर नसलेल्या यावली या खेड्यात ३० एप्रिल १९०९ रोजी बंडोजी व मंजुळाबाई इंगळे या दांपत्याच्या पोटी एक पुत्र जन्मास आला. त्याचे नाव माणिक. घरची स्थिती अत्यंत हलाखीची. शिवणकामावर जे मिळेल त्यात संसाराचे ठिगळ लावावे, असा तो संसार. दारिद्र्य हा विषय महाराजांना पुढे कोणत्याही ग्रंथातून शिकावा लागला नाही. तो त्यांच्या पाळण्यापाशीच उभा होता.

माणिकचे मन शाळेत रमले नाही. तिसरीच्या पुढे त्याचे शिक्षण गेले नाही. त्याला ओढ होती ती भजनाची आणि साधुसंतांच्या सहवासाची. वरखेड येथे आडकोजी महाराज नावाचे एक अवलिया सत्पुरुष होते. त्यांच्या चरणी या बालकाचे मन जडले. गुरूंनी त्याला तुकड्या या नावाने हाक मारली आणि तेच नाव त्याने आयुष्यभर मिरविले. पुढे लक्षावधी लोकांच्या तोंडी बसलेल्या मराठी व हिंदी भजनांची नाममुद्राही तीच राहिली. जगाच्या बाजारात तुकड्याला किंमत नसते. परंतु गुरूने दिलेले नाव म्हणून शिष्याने ते मस्तकी धारण केले. गुरुपौर्णिमेच्या दिवशी या एका गोष्टीचेही चिंतन करण्यासारखे आहे.

आडकोजी महाराजांनी देह ठेवला तेव्हा माणिक अजून लहानच होता. गुरुवियोगाने व्याकुळ झालेला हा मुलगा घर सोडून निघाला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा येथील अरण्यांत आणि गुहांत त्याने कठोर साधना केली. आपल्या परंपरेत अरण्यात जाणारे पुष्कळ. परंतु अरण्यातून गावाकडे परत येणारे थोडे. महाराज परत आले. हातात खंजिरी होती, कंठात अमृत होते आणि डोळ्यांपुढे गाव होते.

खंजिरीचा नाद

त्या खंजिरीच्या नादाने सारे वऱ्हाड आणि नागपूर प्रांत भारून गेला. बैलगाड्या जुंपून, पायी चालून लोक त्यांच्या भजनास येत. सालबर्डीच्या डोंगरात १९३५ साली त्यांच्या प्रेरणेने जो महायज्ञ झाला, त्यास लाखांवर जनसमुदाय लोटला. त्याच सुमारास नागपूर-अमरावती मार्गावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९३६ साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्रामास गेले आणि सुमारे महिनाभर तेथे राहिले. गीतेचे नित्य चिंतन करणारा एक पुरुष देशाच्या राजकारणाची सूत्रे हाती धरतो, चरखा चालवितो आणि गावच्या शौचकुपाचाही विचार करतो, हे दृश्य त्यांनी तेथे जवळून पाहिले. प्रार्थना आणि लोकव्यवहार यांच्यामध्ये भिंत नाही, ही त्यांची मूळची धारणा या सहवासाने अधिकच दृढ झाली असली पाहिजे.

१९४२ च्या ऑगस्ट महिन्यात चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा ही लहान लहान गावे पेटून उठली, त्या पेटण्यामागे महाराजांच्या भजनांची ठिणगी होती. इंग्रज सरकारने २८ ऑगस्ट १९४२ रोजी चंद्रपूर येथे त्यांना अटक केली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले आणि २ डिसेंबरला त्यांची सुटका झाली. ज्या सत्तेला प्रजेच्या पोटाची चाड नाही, तिच्यापुढे भजनही बंड ठरते, याचा अनुभव महाराजांनी असा घेतला.

तुरुंगातून सुटल्यावर ते थांबले नाहीत. १९४३ मध्ये श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या कार्यास अखिल भारतीय रूप प्राप्त झाले. गावोगाव शाखा निघाल्या. पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि या दोहोंच्या मधल्या वेळेत गावाची सफाई, व्यसनमुक्ती, रस्ते-विहिरींचे श्रमदान, असा या मंडळाचा दिनक्रम होता. प्रार्थनेला जात विचारली जात नव्हती, पंथ विचारला जात नव्हता. सालदार आणि मालक एका रांगेत बसत. एका रांगेत बसल्याने दारिद्र्य संपत नाही हे खरे. पण जे एका रांगेत कधी बसलेच नाहीत, ते गावाच्या हिताचा विचार एकत्र कसा करणार? प्रार्थनेची ती रांग हीच महाराजांच्या दृष्टीने पुढच्या सर्व सुधारणेची पहिली पायरी होती.

दानाकडून कायद्याकडे

स्वराज्य आले. परकी सत्ता गेली, पण सावकाराची वही गेली नाही आणि भूमिहीनाचे भूमिहीनत्वही गेले नाही. अशा वेळी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे आचार्य विनोबा भावे यांना पहिले भूमिदान मिळाले आणि भूदान यज्ञास आरंभ झाला. विनोबाजींचे पवनार वऱ्हाडला लागूनच. त्यांच्या हाकेला महाराजांनी आपला कंठ दिला. खंजिरीवर आता भूमिहीनाच्या हक्काचे भजन वाजू लागले. यज्ञ म्हणजे अग्नीत तुपाची धार एवढेच नसून, आपल्या सातबाऱ्यावरील काही गुंठे शेजाऱ्याच्या नावे करणे हाही यज्ञच होय, हा विचार त्यांनी भाविकांच्या मनात रुजविला. सालबर्डीच्या महायज्ञापासून या भूमियज्ञापर्यंतचा त्यांचा प्रवास येथे ध्यानात घेण्याजोगा आहे.

परंतु भूदानाच्या कथेत एक भाग असा आहे, की ज्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. दात्याने भर सभेत उठून भूमी दिली, टाळ्या झाल्या, सर्वांचे डोळे पाणावले, पुढे काय? ती भूमी कोणाच्या नावे लागावयाची? दात्याच्या वारसाने ती परत मागितली तर? मिळालेली भूमी पुन्हा सावकाराकडे गहाण पडली तर? अंतःकरणाच्या औदार्याला कागदाचा आधार नसेल, तर ते औदार्य एका पिढीतच विरून जाते. यासाठी कायदा लागला. वऱ्हाड त्या काळी मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याने १९५३ साली भूदान यज्ञाचा अधिनियम केला. दानात आलेल्या भूमीची नोंद करणे, ती मंडळाच्या स्वाधीन ठेवणे आणि भूमिहीनास तिचे रीतसर वाटप करणे, यासाठी हा कायदा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ त्या राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा घटक झाला. तरी विदर्भातील भूदानाच्या भूमीचे व्यवहार त्याच अधिनियमाच्या आधारे होत राहिले.

साधूचे पदर पसरणे आणि शासनाचे कलम लिहिणे, या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच कार्याचे दोन हात ठरल्या. दान हे दात्याच्या मनावर अवलंबून असते. आज मन द्रवले तर मिळेल, उद्या न द्रवले तर मिळणार नाही. कायदा मात्र याचकाला हक्कदार करतो. पण कायद्यामागे लोकांची श्रद्धा उभी नसेल, तर तोही कपाटातच राहतो. भूदानाच्या बाबतीत हे दोन्ही अनुभव देशाला आले. पुष्कळ भूमी गरिबांच्या नावे झाली. तशीच पुष्कळ भूमी खडकाळ, वादातील किंवा केवळ कागदावरची निघाली आणि वाटपाविना राहिली. जेथे गाव जागे होते तेथे भूमिहीनाच्या हाती वखर आला. जेथे गाव निजलेले होते तेथे दानपत्र निजलेलेच राहिले.

ग्रामगीतेचा अर्थविचार

१९५५ साली महाराजांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ आज विदर्भातील असंख्य घरांतून नित्य वाचला जातो. पुष्कळ घरी तो देव्हाऱ्याजवळ, रेशमी वस्त्रात गुंडाळून ठेवलेला असतो. परंतु ज्या हेतूने तो लिहिला गेला, तो पाहता त्याचे खरे स्थान देव्हाऱ्याइतकेच ग्रामपंचायतीच्या मेजावरही आहे.

या ग्रंथाच्या विषयांवर नुसती दृष्टी टाकली तरी आश्चर्य वाटते. देवदर्शन आणि धर्माध्ययन येथून निघालेली ही गीता ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंश, जीवनशिक्षण, महिलोन्नती या विषयांत शिरते. यात्रा-मेळे कसे भरावेत आणि देवमंदिर कशासाठी असावे, याचाही ती विचार करते. श्रमाला ती संपत्तीचे मूळ मानते. ज्याच्या घामाने धान्य पिकते त्याच्याच मुलाने उपाशी झोपावे, ही व्यवस्था ईश्वराची नसून माणसाची आहे, असा तिचा रोख आहे. धनिकाने आपल्या धनाचा विश्वस्त व्हावे, सावकाराने गरिबाच्या गळ्याला फास लावू नये, विवाहातील उधळपट्टीने घरे कर्जात बुडू नयेत, गावाने सहकाराने आपले उद्योग उभारावेत, हा सर्व उपदेश तिच्यात अतिशय सोप्या भाषेत आला आहे.

तथापि या ग्रंथाचे मर्म एका जागी एकवटले आहे, असे म्हणावयाचे झाल्यास ते प्रारब्धाच्या विचारात होय. प्रारब्धवाद आणि त्यास उत्तर देणारा प्रयत्नाचा प्रभाव, हे दोन्ही विषय महाराजांनी मुद्दाम घेतले आहेत. आपल्या भाविक समाजात दारिद्र्याचे स्पष्टीकरण फार पूर्वीपासून तयार असते. मागील जन्मी केले ते या जन्मी भोगतो आहे, असे म्हटले की प्रश्न मिटतो. श्रीमंताचे मन शांत होते, गरिबाचा आवाज बंद होतो आणि राज्यकर्त्यालाही काही करावे लागत नाही. महाराज स्वतः गरिबीतून आलेले. त्यांनी कर्मसिद्धांत नाकारला नाही. पण त्याचा असा आळशी आणि निर्दय अर्थ त्यांना मान्य नव्हता. आजचा प्रयत्न हेच उद्याचे प्रारब्ध आहे, आणि एकट्याच्या प्रयत्नाने जे होत नाही ते गावाच्या सामुदायिक प्रयत्नाने होते, ही त्यांची शिकवण होती. मागील जन्माचा हिशेब ईश्वराकडे असेल. गावच्या विहिरीचा, रस्त्याचा, मजुरीचा आणि शाळेचा हिशेब मात्र गावाकडेच आहे.

याच विचारातून ते मतदानाकडे आले. एखाद्या धर्मग्रंथात निवडणुकीचा विचार येणे ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. मत हे त्यांनी शस्त्रासारखे मानले. नीट चालविले तर ते रक्षण करते, हेळसांड केली तर चालविणाऱ्याचाच घात करते. जातीकडे पाहून, नात्यागोत्याकडे पाहून किंवा एका दिवसाच्या मेजवानीसाठी दिलेले मत पुढे अनेक वर्षे गावाला उपाशी ठेवते, हे भाविकांना पटवून देताना त्यांना संकोच वाटला नाही. चांगला माणूस पुढे न आल्यास वाईट माणसाला मोकळे रान मिळते, म्हणून सज्जनांनी गावकीपासून दूर राहणे यास ते वैराग्य मानत नव्हते.

साधू आणि शासन

१९५५ साली जपान येथे भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांतीच्या परिषदेस महाराज गेले. वऱ्हाडातील एका खेड्यात वाढलेला, तिसरीपर्यंत शिकलेला हा संत परदेशीयांच्या सभेत खंजिरीसह उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, दिल्लीत भारत साधू समाजाची स्थापना झाली आणि त्याचे पहिले अध्यक्षपद महाराजांकडे आले. केंद्रातील नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांचा या संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा तो आरंभकाळ. देशातील गावोगाव फिरणारा, लोकांच्या विश्वासास पात्र असलेला साधुवर्ग राष्ट्राच्या उभारणीत उतरावा. स्वच्छता, साक्षरता, व्यसनमुक्ती, अल्पबचत आणि श्रमदान यांचा संदेश त्यांच्या मुखातून घरोघरी जावा, अशी या योजनेमागची कल्पना होती.

यावर एक शंका सहज निघते. साधूने राजदरबारी जावे काय? सत्तेच्या सावलीत बसलेला साधू सत्तेचाच भाट होणार नाही काय? शंका निराधार नाही. इतिहासात असे पुष्कळदा झाले आहे. परंतु महाराजांच्या जीवनाकडे पाहिले तर दिसते की, ते दरबारी गेले ते काही मागण्यासाठी, पण स्वतःसाठी नव्हे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले, राष्ट्रपतिभवनात त्यांचे भजन झाले. तरी त्यांचे घर मोझरीच्या आश्रमातच राहिले आणि त्यांचा दौरा खेड्यांतूनच चालू राहिला. एकीकडे ते शासनाला गावाकडे पाहावयास सांगत. दुसरीकडे साधूंनाही सांगत की, समाजाच्या अन्नावर जगणाऱ्याने समाजाचे ऋण फेडले पाहिजे. कष्टकऱ्याच्या भाकरीवर पोसले जाणारे निष्क्रिय वैराग्य त्यांना धर्म वाटत नसे. स्वजनांना असे सुनावणे हे राजाला सुनावण्यापेक्षाही कठीण असते.

भारत साधू समाजाकडून जी अपेक्षा धरली गेली होती, ती सर्वच सफल झाली असे म्हणता येणार नाही. देशातील लाखो साधूंपैकी फार थोडे त्या कार्यात उतरले. पण अमरावती जिल्ह्याच्या दृष्टीने पाहता हा प्रयत्न एकाकी नव्हता. याच जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी प्रांतिक मंत्री असताना शेतकऱ्याच्या कर्जाच्या तडजोडीसाठी कर्जलवादाच्या कायद्याचा पुरस्कार केला होता. देवस्थानांच्या संपत्तीचा विनियोग लोकहितासाठी व्हावा, असे विधेयकही त्यांनी विधिमंडळात मांडले होते. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत तेच केंद्रात कृषिखात्याचे मंत्री होते. एक विधिमंडळात बोलत होता, दुसरा भजनाच्या आसनावरून. मार्ग निराळे, पण देवाच्या नावे साठलेले धन आणि माणसाच्या नावे साठलेले दुःख यांची गाठ घालण्याची तळमळ मात्र दोघांचीही होती.

अखेरचे पर्व

१९६२ च्या चिनी आक्रमणाच्या आणि १९६५ च्या पाकिस्तानी आक्रमणाच्या वेळी महाराज सीमेवर जाऊन जवानांपुढे भजने म्हणून आले. देह झिजत होता. दौरे थांबत नव्हते. शेवटी कर्करोगाने त्यांना गाठले. असह्य वेदनांतही त्यांच्या मुखावरील प्रसन्नता ढळली नाही, असे त्यांच्या सहवासातील मंडळी सांगत आली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज आश्रमात त्यांची प्राणज्योत निमाली. दरवर्षी अश्विनात त्यांच्या पुण्यतिथीस मोझरी येथे लक्षावधी भाविक जमतात, आणि बरोबर त्या क्षणी तो अफाट जनसागर स्तब्ध होऊन मौन श्रद्धांजली वाहतो. ज्याच्या खंजिरीने आयुष्यभर लोकांना जागविले, त्याला लोक मौनाने वंदन करतात, हे दृश्य एकदा तरी पाहावे असे आहे.

बीज आणि वृक्ष

महाराज गेल्यानंतर महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट घडली. १९७२ च्या भीषण दुष्काळाने राज्य हवालदिल झाले असता, मागेल त्याला काम देण्याची रोजगार हमी योजना विस्ताराने राबविली गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. या योजनेचे जनक विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे हे स्वतः संतवाङ्मयाचे व्यासंगी आणि आध्यात्मिक वृत्तीचे पुरुष होते. शहरातील नोकरदाराने व्यवसाय कर भरावा आणि त्यातून खेड्यातील मजुराला हक्काचे काम मिळावे, अशी तिची मांडणी होती. पुढे २००५ साली याच धर्तीवर साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला. महाराजांनी ही योजना आखली असे कोणी म्हणणार नाही. पण श्रमाला प्रतिष्ठा, भिकेऐवजी काम आणि उपकाराऐवजी हक्क, हा जो भाव तिच्या मुळाशी आहे, तो या भूमीतील संतांनीच मशागत करून ठेवलेल्या मनांत रुजला, हे नाकारता येणार नाही.

गावाच्या हाती सत्ता असावी हे त्यांचे स्वप्नही पुढे कायद्यात उतरले. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. शासनाने संत गाडगेबाबांच्या नावे ग्रामस्वच्छतेचे अभियान हाती घेतले, तुकडोजी महाराजांच्या नावे स्वच्छ ग्राम स्पर्धा सुरू केली, आणि २००५ साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. ज्याची शाळा तिसरीत सुटली त्याच्या नावाने आज हजारो विद्यार्थी पदवी घेतात.

नावे देणे सोपे. वसा चालविणे कठीण. ज्या वऱ्हाडने असे संत दिले, त्याच वऱ्हाडात नापिकीने आणि कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख गेली कित्येक वर्षे घराघरांतून ठाण मांडून बसले आहे. ज्या घरचा कर्ता असा गेला, त्या घरी सांत्वनास जाणारे शेजारी आजही प्रारब्धाचेच नाव घेतात. ग्रामगीता घरात असलेल्या माणसाने तरी तेथे एवढ्यावर थांबू नये. त्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर लागले काय, शासकीय साहाय्यासाठी तिचा अर्ज गेला काय, तिच्या मुलांची शाळा चालू आहे काय, हे विचारणे आणि तिच्याबरोबर तहसील कचेरीची पायरी चढणे, ही महाराजांच्या दृष्टीने उपासनाच होय.

शिरजगाव कसबा असो, करजगाव असो, ब्राह्मणवाडा थडी असो की तळवेल असो, या परिसरातील कोणत्याही गावी आज सायंकाळी गुरुपूजन होईल, आरती होईल, प्रसाद वाटला जाईल. ते सर्व मंगलच आहे. त्याच बैठकीत आणखी एक संकल्प सोडता येईल. पौर्णिमेनंतर थोड्याच दिवसांनी १५ ऑगस्टची ग्रामसभा येते. त्या सभेत बहुधा मोजकीच माणसे असतात. भजनास भरणारा मंडप तेथे रिकामा असतो. भजनास येणारी सारी माणसे, विशेषतः माताभगिनी, त्या सभेस गेल्या आणि गावातील सर्वांत गरीब पाच घरांची नावे घेऊन त्यांच्यासाठी पंचायत काय करणार, एवढाच प्रश्न त्यांनी शांतपणे विचारला, तर खंजिरीचा तो नाद पुन्हा एकदा गावच्या चावडीत घुमेल. गुरूला दक्षिणा द्यावयाची असते. यावलीच्या माणिकाने आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितले नाही; त्याने मागितली ती गावाची भाकरी. यंदाच्या पौर्णिमेस हीच दक्षिणा त्यांच्या चरणी रुजू व्हावी.